प्रथिन न बनवणारे आरएनए आणि यकृताचा कर्करोग

२०१२ साली दोन स्वतंत्र संशोधनगटांनी, एक अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातला आणि दुसरा तैवानमधला, उंदरांवरचे जवळपास सारखेच प्रयोग एकाच नियतकालिकात प्रसिद्ध केले. दोघांनीही उंदरांच्या डीएनएमधून एक लहानसे जनुक काढून टाकले होते. या जनुकापासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. तयार होतो तो जेमतेम २२ अक्षरे (म्हणजे साखळीतली रासायनिक एकके) लांबीचा आरएनएचा तुकडा, ज्याचे नाव मिर-१२२. हे उंदीर जन्मले, वाढले आणि वरवर धडधाकट दिसले. मात्र त्यांच्या यकृतात आधी चरबी साचू लागली, मग यकृताला सूज आली, सुजेमागोमाग तंतुमय ऊती वाढली आणि वय झाल्यावर त्यांपैकी अनेकांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या, माद्यांपेक्षा नरांमध्ये अधिक. त्यांना कोणत्याही विषाणूची लागण केलेली नव्हती, दारू पाजलेली नव्हती आणि कर्करोगकारक रसायनही दिलेले नव्हते. माणसाचे यकृत कर्करोगाकडे ज्या पायऱ्यांनी जाते, त्याच पायऱ्या या उंदरांनी एका अतिशय लहान रेणूच्या अभावी पार केल्या होत्या.

या प्रयोगाचे महत्त्व समजण्यासाठी आजाराचा आवाका आधी लक्षात घ्यावा लागतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांची संख्या आणि मृत्यूंची संख्या इतकी जवळजवळ असणे हेच या रोगाचे भीषण वैशिष्ट्य आहे, कारण तो बहुतेकदा उशिरा लक्षात येतो. यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कर्करोग हे यकृताच्या मुख्य पेशींपासून सुरू होतात. हा लेख त्याच प्रकाराविषयी आहे. आतड्यातून किंवा स्तनातून यकृतात पसरलेला कर्करोग ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा येथे विचार केलेला नाही.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असलेला क्रम असा, की डीएनएवरच्या जनुकाची आरएनए स्वरूपात नक्कल होते आणि त्या नकलेवरून प्रथिन बांधले जाते. हा क्रम बरोबरच आहे, पण अपुरा आहे. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि त्यांपैकी प्रथिनांची माहिती असलेला भाग २ टक्क्यांहूनही कमी आहे. अशी प्रथिन बनवणारी जनुके सुमारे २० हजार. उरलेल्या डीएनएला दीर्घकाळ निरुपयोगी समजले जात असे. पुढे असे दिसले, की या उरलेल्या भागाच्याही मोठ्या हिश्शाची आरएनए स्वरूपात नक्कल होते, मात्र त्या आरएनएपासून प्रथिन कधीच बनत नाही. अशा आरएनएंना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. त्यांतले सगळेच महत्त्वाचे असतात असे मुळीच नाही; बरेचसे नुसते तयार होतात आणि मोडीत निघतात. पण जे खरोखर काम करतात, ते इतर जनुकांचे प्रमाण ठरवतात आणि कर्करोगात सगळे काही प्रमाणावरच अवलंबून असते.

यांतला सर्वांत चांगला अभ्यासलेला गट मायक्रोआरएनएंचा. त्याचा शोध कर्करोगाच्या प्रयोगशाळेत लागला नाही, तर मातीत राहणाऱ्या, एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत लागला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ साली दाखवून दिले, की या कृमीतील लिन-४ नावाचे जनुक प्रथिन बनवत नाही, तर एक अतिशय लहान आरएनए बनवते आणि तो आरएनए दुसऱ्या एका जनुकाच्या आरएनएला चिकटून त्याचे काम रोखतो. हा कृमीपुरता मर्यादित चमत्कार असावा असे अनेकांना वाटले. २००० साली रव्हकुन यांच्याच प्रयोगशाळेला असाच दुसरा रेणू सापडला आणि तो माणसासह बहुसंख्य प्राण्यांमध्ये जसाच्या तसा असल्याचे दिसले, तेव्हा चित्र बदलले. या दोघांना २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनए तयार होण्याची पद्धत थोडक्यात अशी आहे. पेशीकेंद्रकात आधी एक लांब आरएनए बनतो, जो स्वतःवरच दुमडलेला असतो. ड्रोशा नावाचे विकर त्याचा दुमडलेला भाग कापून वेगळा करते. तो भाग केंद्रकाबाहेर नेला जातो. तेथे डायसर हे दुसरे विकर त्याला आणखी कापते आणि सुमारे २२ अक्षरांचा तुकडा उरतो. हा तुकडा आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो. या तुकड्याच्या सुरुवातीच्या भागातली सहा-सात अक्षरे ज्या संदेशवाहक आरएनएशी जुळतात, त्याच्यावर आर्गोनॉट जाऊन बसते आणि त्या आरएनएपासून प्रथिन बनणे मंदावते किंवा तो आरएनए लवकर नष्ट होतो. जुळणी एवढी आखूड असल्यामुळे एका मायक्रोआरएनएची लक्ष्ये शेकड्यांनी असतात, आणि प्रत्येक लक्ष्यावरचा त्याचा परिणाम मात्र सहसा सौम्य असतो. प्रथिनाचे प्रमाण थोडे उतरते, शून्यावर येत नाही. कालव्यावरचा पाटकरी स्वतः पीक काढत नाही, पण कोणत्या चारीला किती पाणी सोडायचे हे त्याच्या हातात असते आणि तो महिनोन्‌महिने कामावर आलाच नाही, तर काही शेते उपळतात आणि काही वाळतात. मायक्रोआरएनए हरवल्याने होणारे नुकसान या जातीचे असते. ते एका दिवसात दिसत नाही.

यकृताचा कर्करोगही एका दिवसात होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूची दीर्घकाळची लागण, वर्षानुवर्षांचे मद्यपान, लठ्ठपणा व मधुमेहासोबत येणारी यकृतातील चरबी आणि बुरशी लागलेल्या भुईमूग-मक्यातून पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन ही त्याची प्रमुख कारणे आहेत. यांतली बहुतेक कारणे यकृताच्या पेशी सतत मारत राहतात. यकृत स्वतःची झीज भरून काढण्यात तरबेज असल्याने उरलेल्या पेशी पुन्हा पुन्हा विभागतात, प्रत्येक विभाजनात डीएनएमध्ये चुका होण्याची शक्यता वाढते आणि मधल्या जागेत तंतुमय ऊती भरत जाऊन शेवटी सिरॉसिस होतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये कर्करोग सिरॉसिस झालेल्या यकृतातच उगवतो. हिपॅटायटिस बी मात्र सिरॉसिसशिवायही कर्करोग घडवू शकतो, कारण त्याच्या डीएनएचे तुकडे थेट पेशीच्या डीएनएमध्ये घुसून बसतात. या सगळ्यात जनुकांमधली उत्परिवर्तने महत्त्वाची आहेतच. या कर्करोगात सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन टेलोमरेज या विकराच्या जनुकाशेजारी, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात होते, म्हणजे तेही प्रथिन लिहिलेल्या भागात नसते. पण केवळ उत्परिवर्तनांची यादी पाहून यकृताची पेशी आपली ओळख कशी विसरते, हे कळत नाही. ते समजायला मिर-१२२ कडे परत जावे लागते.

प्रौढ यकृतात जेवढे मायक्रोआरएनए असतात, त्यांपैकी सुमारे ७० टक्के एकटा मिर-१२२ असतो. यकृताच्या एका पेशीत त्याच्या सुमारे ६६ हजार प्रती मोजल्या गेल्या आहेत. इतर अवयवांत तो जवळपास नसतोच. यकृताला यकृत बनवणारी जी नियंत्रक प्रथिने आहेत, तीच मिर-१२२ चे जनुकही चालू ठेवतात आणि मिर-१२२ त्या बदल्यात वाढीला चालना देणाऱ्या व गर्भावस्थेत शोभणाऱ्या अनेक जनुकांना दाबून धरतो. म्हणून तो पेशी प्रगल्भ असल्याची खूणही आहे आणि ती प्रगल्भता टिकवणारा घटकही.

मिर-१२२ नसलेल्या उंदरांमध्ये नेमके काय बिघडले, हे पाहिले की वर सांगितलेल्या पायऱ्या एकेक करून उलगडतात. यकृतातील चरबी रक्तात पाठवण्यासाठी एक वाहक प्रथिन लागते; त्याचे प्रमाण घटले, त्यामुळे रक्तातील कोलेस्टेरॉल उतरले आणि चरबी मात्र यकृतातच अडकून राहिली. त्याच वेळी चरबी बनवणाऱ्या व साठवणाऱ्या काही जनुकांवरचा दाब सुटल्याने ती अधिक बनू लागली. पांढऱ्या पेशींना बोलावणारा सीसीएल२ नावाचा रासायनिक संदेश वाढला. हा संदेश मिर-१२२ चे थेट लक्ष्य आहे. आलेल्या पांढऱ्या पेशींनी सूज वाढवणारे पदार्थ सोडले. केएलएफ६ या जनुकावरचा लगाम ढिला झाल्याने तंतुमय ऊतीला खतपाणी मिळाले. यांतली एकही गोष्ट एकट्याने कर्करोग घडवणारी नाही. पण सगळ्या एकदम आणि आयुष्यभर चालू राहिल्या तर यकृतातली परिस्थितीच कर्करोगाला पोषक होते. ओहायोच्या गटाने पुढे आणखी एक गोष्ट केली, जी मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत भक्कम पुरावा वाटते. ज्या उंदरांत कर्करोग वेगळ्याच जनुकामुळे होतो, अशा उंदरांच्या यकृतात त्यांनी निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने मिर-१२२ पोहोचवला आणि गाठींची वाढ रोखली गेली. काढल्यावर रोग होतो आणि दिल्यावर रोग आवरतो, अशा दोन्ही बाजूंनी कसोटीला उतरलेले रेणू या क्षेत्रात फार थोडे आहेत.

माणसांमध्येही अनेक रुग्णांच्या गाठींत मिर-१२२ घटलेला आढळतो आणि तो ज्यांच्यात फार घटलेला असतो त्यांच्या गाठी अधिक आक्रमक असल्याचे दिसते. पण हे सरसकट खरे नाही. ही घट प्रामुख्याने हिपॅटायटिस बीशी निगडित गाठींमध्ये ठळक असते. हिपॅटायटिस सीमुळे झालेल्या गाठींमध्ये मिर-१२२ बहुधा टिकून असतो. यामागची गोष्ट विलक्षण आहे.

हिपॅटायटिस सीच्या विषाणूची सगळी जनुकीय माहिती एका आरएनएमध्ये असते, सुमारे ९,६०० अक्षरांच्या. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले, की या आरएनएच्या अगदी सुरुवातीच्या टोकाला मिर-१२२ येऊन बसतो आणि त्याने विषाणूचे नुकसान होण्याऐवजी फायदाच होतो. पेशीतील विकरे मोकळ्या टोकापासून आरएनए कुरतडत जातात. टोकावर मिर-१२२ बसलेला असल्याने विषाणूचे टोक झाकले जाते. मिर-१२२ नसलेल्या पेशींत हा विषाणू नीट वाढत नाही. म्हणजे जो रेणू यकृताला कर्करोगापासून वाचवतो, त्याच्यावरच कर्करोग घडवणारा एक विषाणू जगतो. पुढे, २०१५ च्या सुमारास, असेही दिसले की विषाणूच्या असंख्य प्रती मिळून पेशीतला मिर-१२२ स्वतःकडे गुंतवून ठेवतात, त्यामुळे त्याच्या नेहमीच्या लक्ष्यांवरचा दाब कमी होतो. अशा पेशीत मोजणी केली तर मिर-१२२ पुरेसा दिसेल, पण त्याचे काम मात्र अपुरे होत असेल. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांत हा रेणू न घटताही कर्करोग का होतो, याच्या उत्तराचा एक भाग येथे असावा.

या शोधावरून औषधही तयार झाले. मिर-१२२ ला घट्ट चिकटून त्याला निकामी करणारे मिराविर्सेन नावाचे इंजेक्शन ३६ रुग्णांवर आजमावले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मात्रा वाढवावी तसा रक्तातील विषाणू घटत गेला आणि सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्या ४ रुग्णांच्या रक्तात तो काही काळ सापडेनासाही झाला. मायक्रोआरएनएला लक्ष्य करणारे औषध माणसात काम करू शकते, हे त्यातून पहिल्यांदा स्पष्ट झाले. तरीही हे औषध मागे पडले. त्याच सुमारास थेट विषाणूवर मारा करणाऱ्या गोळ्या आल्या, ज्यांच्यामुळे काही आठवड्यांत बहुतेक रुग्ण बरे होऊ लागले. शिवाय मिर-१२२ नसलेल्या उंदरांचे काय झाले, हे माहीत असताना तो रेणू दीर्घकाळ दाबून ठेवण्याबाबत चिंता वाटणे रास्तच होते.

मिर-१२२ वर एवढा वेळ घालवला, कारण इतर रेणूंबाबत बोलताना तोच मापदंड हाती असावा. मिर-२१ आणि मिर-२२१ हे दोघे यकृताच्या कर्करोगात वाढलेले आढळतात. मिर-२१ हा पीटेन या वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनाला दाबतो, तर मिर-२२१ हा पेशीविभाजन थांबवणाऱ्या पी२७ ला दाबतो. उलट मिर-२६ए सहसा घटलेला असतो. २००९ साली कर्करोग झालेल्या उंदरांच्या यकृतात तो परत दिल्यावर निरोगी पेशींना फारशी इजा न होता गाठींच्या पेशी मरू लागल्या. त्याच वर्षी रुग्णांवरच्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्यांच्या गाठीत मिर-२६ कमी होता त्यांचे आयुष्यमान कमी होते, पण इंटरफेरॉन या औषधाचा उपयोग त्यांनाच अधिक झाला.

मायक्रोआरएनएंशेजारी दुसरा मोठा गट आहे तो लांब नॉन-कोडिंग आरएनएंचा, ज्यांची लांबी साधारणपणे २०० अक्षरांहून अधिक असते. हे रेणू एकाच पद्धतीने काम करत नाहीत. काही डीएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनांना विशिष्ट जनुकापर्यंत नेतात व ते जनुक बंद करतात, काही दोन प्रथिनांना एकत्र बांधतात, काही दुसऱ्या आरएनएचे आयुष्य वाढवतात. यकृताच्या दृष्टीने त्यांतला एच१९ हा सर्वांत जुना. शर्ली टिल्गमन यांच्या प्रयोगशाळेत १९८४ साली उंदराच्या गर्भातील यकृताचा अभ्यास चालू असताना तो हाती लागला. त्या वेळी शोध चालू होता तो अल्फा फीटोप्रोटीनसोबत चालू-बंद होणाऱ्या जनुकांचा. यकृताच्या तपासण्या करून घेणाऱ्यांना एएफपी हे नाव परिचयाचे असेल. गर्भात भरपूर असणारे, जन्मानंतर जवळपास नाहीसे होणारे आणि कर्करोगात पुन्हा वर येणारे ते हेच प्रथिन. एच१९ ची वाटचालही अशीच आहे, फक्त त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. गर्भातील कार्यक्रम प्रौढ पेशीत पुन्हा सुरू होणे हे या कर्करोगाचे एक मूळ लक्षण आहे आणि एच१९ त्याचा साक्षीदार आहे. तो गुन्ह्यात सामीलही आहे का, याचे उत्तर मात्र सरळ नाही. काही प्रयोगांत तो वाढीला मदत करतो, तर काहींत तिला रोखतो.

२००७ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील गटाने यकृताच्या गाठी आणि शेजारचे निरोगी यकृत यांतील आरएनएंची तुलना केली आणि गाठींत सर्वाधिक वाढलेला जो रेणू सापडला, त्याचे नाव हल्क ठेवले. सुमारे ५०० अक्षरांचा हा आरएनए रुग्णांच्या रक्तातही आढळला. हिपॅटायटिस बी विषाणूचे एक्स प्रथिन हल्कचे उत्पादन वाढवते, असे नंतर दिसले. २०१४ साली चीनमधील संशोधकांनी वर्णन केलेला एटीबी हा रेणू तर सिरॉसिस आणि कर्करोग यांमधल्या दुव्याकडेच बोट दाखवतो. यकृतात तंतुमय ऊती वाढवणारा टीजीएफ-बीटा हा जो संदेश, तोच एटीबीचे उत्पादन वाढवतो. एटीबी मग मिर-२०० या गटातील मायक्रोआरएनएंना स्वतःवर अडकवून ठेवतो. त्यामुळे त्यांच्या लक्ष्यांवरचा दाब सुटतो आणि कर्करोगाच्या पेशी एकमेकींची साथ सोडून आजूबाजूला घुसू लागतात. दोन टोके जोडून वर्तुळ झालेले आरएनएही असतात, जे टोकच नसल्याने सहज कुरतडले जात नाहीत. त्यांतला एमटीओ१ जनुकापासून बनणारा वर्तुळाकार आरएनए यकृताच्या कर्करोगात घटतो आणि ज्या रुग्णांत तो फार घटलेला असतो, त्यांचे आयुष्य तुलनेने कमी असल्याचे २०१७ साली दाखवले गेले.

येथे थांबून एक गंभीर आक्षेप मांडणे आवश्यक आहे. एक आरएनए दुसऱ्याला अडकवून ठेवतो, ही कल्पना ऐकायला सोपी असल्यामुळे यकृताच्या कर्करोगावरच्या शेकडो शोधनिबंधांत ती वापरली गेली आहे. पण अडकवून ठेवायचे तर तेवढ्या संख्येने रेणू हवेत. २०१४ साली स्वित्झर्लंडमधील गटाने नेमकी हीच गोष्ट यकृताच्या पेशींत, मिर-१२२ घेऊनच मोजली. त्यांना असे आढळले, की मिर-१२२ च्या इतर लक्ष्यांवर दिसण्याजोगा परिणाम होण्यासाठी एका पेशीत त्याला बसण्याच्या नव्या जागा लाखाच्या वर वाढवाव्या लागतात. नेहमीच्या परिस्थितीत कोणत्याही एका आरएनएच्या एवढ्या प्रती पेशीत नसतात. हिपॅटायटिस सीचा विषाणू प्रचंड संख्येने वाढतो म्हणून त्याच्याबाबत ही कल्पना पटण्याजोगी आहे. पेशीत मोजक्या प्रतींनी असणाऱ्या एखाद्या लांब आरएनएबाबत ती मान्य करण्यापूर्वी संख्या विचारायला हवी.

दुसरा आक्षेप पुराव्याच्या स्वरूपाचा आहे. गाठीत एखादा रेणू वाढलेला दिसला म्हणजे त्यानेच गाठ घडवली असे होत नाही. मॅलॅट१ हा लांब आरएनए यकृतासह अनेक कर्करोगांत वाढलेला असतो, पण २०१२ साली तो पूर्णपणे काढून टाकलेले उंदीर अगदी सामान्यपणे जगले. तो कर्करोगात काहीच करत नाही असे यावरून ठरत नाही, पण केवळ प्रमाणावरून निष्कर्ष काढण्यातला धोका त्यातून कळतो. त्याहून वाईट म्हणजे या क्षेत्रात सदोष शोधनिबंधांची संख्या चिंताजनक आहे. ऑस्ट्रेलियातील जेनिफर बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी जनुकांवरचे निबंध तपासले, तेव्हा ७०० हून अधिक निबंधांत प्रयोगासाठी वापरल्याचे सांगितलेले आरएनए-डीएनएचे तुकडे दावा केलेल्या जनुकाचे नव्हतेच, असे दिसले. कर्करोग आणि नॉन-कोडिंग आरएनए हा विषय त्यांत ठळकपणे होता. ज्यांच्या घरी रुग्ण आहे, ती माणसे रात्री जागून असे निबंध वाचतात आणि त्यांवर आशा बांधतात. म्हणून ही गोष्ट मला केवळ शास्त्रज्ञांच्या आपसातली वाटत नाही.

मग रुग्णाला आज यातून काय मिळते? सर्वांत जवळची शक्यता रक्ततपासणीची आहे. लहान गाठ असताना एएफपी अनेकदा सामान्यच येते, त्यामुळे आणखी चांगल्या खुणेची गरज आहे. २०११ साली शांघायमधील गटाने ९३४ व्यक्तींच्या रक्तातील सात मायक्रोआरएनए एकत्र मोजून यकृताचा कर्करोग बऱ्याच अचूकपणे ओळखता येतो, असे दाखवले आणि पुढे चीनमध्ये त्यावर आधारित चाचणीला मान्यताही मिळाली. या सातांत मिर-१२२ आहे. गाठीत जो घटतो तो रक्तात वाढलेला कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे कारण असे, की यकृताची कोणतीही पेशी फुटली की तिच्यातला मिर-१२२ रक्तात सांडतो आणि गाठीभोवतीच्या आजारी यकृतात पेशी सतत मरत असतात. पॅरासिटामॉलचा अतिरेक झाला तरी रक्तातील मिर-१२२ झपाट्याने चढतो. म्हणून एकट्या मिर-१२२ वरून कर्करोग आणि यकृताची साधी इजा यांत फरक करता येत नाही. सात रेणूंची गोळाबेरीज करावी लागते ती त्यासाठीच. शिवाय नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले मायक्रोआरएनए मिसळून आकडे चुकतात, आणि एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळवणे अजून अवघड आहे.

आपल्याकडे ज्यांना सिरॉसिस आहे, किंवा हिपॅटायटिस बी आहे आणि डॉक्टरांनी धोका अधिक असल्याचे सांगितले आहे, त्यांच्यासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपी हीच आजची खरी देखरेख आहे. कोणतीही आरएनए चाचणी तिची जागा घेत नाही. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत दिलेली हिपॅटायटिस बीची लस या कर्करोगाविरुद्धचे सर्वांत प्रभावी साधन आहे. तैवानने १९८४ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग घटल्याचे स्पष्ट दिसले. भारतात २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांवर हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचार मोफत मिळतात. घरात एकाला लागण असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावे.

उपचारांच्या बाबतीत आतापर्यंतचा सर्वांत मोठा प्रयत्न अयशस्वी ठरला आणि तो समजून घेण्याजोगा आहे. मिर-३४ए हा रेणू कर्करोगाला आवर घालणाऱ्या पी५३ च्या हाताखाली काम करतो आणि अनेक गाठींत तो हरवलेला असतो. तो कृत्रिमरीत्या बनवून, चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून शिरेतून द्यायचा, असे औषध अमेरिकेत एमआरएक्स३४ या नावाने तयार झाले आणि २०१३ साली त्याची मानवी चाचणी सुरू झाली. सहभागी ८५ रुग्णांत यकृताच्या कर्करोगाचे रुग्णही होते. काही रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, आणि रक्तपेशींत मिर-३४ए ची लक्ष्ये खरोखर दबलेलीही दिसली. पण प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे ४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली. बाहेरून आलेला दुपदरी आरएनए शरीराला विषाणूसारखा भासतो, हा अशा सर्वच औषधांपुढचा मूळ अडथळा आहे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेगळ्या विचाराचे एक औषध माणसांत आले. त्यातील लहान दुपदरी आरएनए एखादे जनुक दाबत नाही, तर सीईबीपी-अल्फा या यकृताची ओळख राखणाऱ्या नियंत्रकाचे जनुक अधिक चालू करतो. पहिल्या टप्प्यात ते बऱ्यापैकी सुसह्य ठरले आणि सोराफेनिब या गोळीसोबत, विशेषतः विषाणूमुळे कर्करोग झालेल्या काही रुग्णांत, त्याचा चांगला परिणाम दिसला.

आरएनए यकृतापर्यंत पोहोचवण्याची कला मात्र दरम्यान बरीच पुढे गेली आहे. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर विशिष्ट साखरेला पकडणारे एक ग्राहक प्रथिन भरपूर असते. त्या साखरेचा रेणू आरएनएला जोडला, की त्वचेखाली दिलेले साधे इंजेक्शनही थेट यकृताच्या पेशीत उतरते. या तंत्रावरची काही औषधे २०१९ पासून इतर आजारांसाठी वापरात आली आहेत. कर्करोगाची अडचण अशी, की गाठीच्या पेशी जसजशी आपली ओळख गमावतात तसतसे हे ग्राहक प्रथिनही गमावतात, त्यामुळे सर्वांत आक्रमक पेशींपर्यंतच औषध सर्वांत कमी पोहोचते. आजारी असले तरी अद्याप कर्करोग न झालेल्या यकृतात मात्र ते ग्राहक प्रथिन शाबूत असते. म्हणून संशोधनाचा रोख हळूहळू गाठीकडून गाठीच्या आधीच्या यकृताकडे वळत आहे, आणि या तंत्राने हिपॅटायटिस बी विषाणूच्या आरएनएवर नेम धरणारी काही औषधे आज मानवी चाचण्यांमध्ये आहेत.